वॉर्डातली पावले, मैदानावरची पावले

केज हे बीड आणि अंबाजोगाई यांच्या मधले तालुक्याचे गाव. इथून तासाभराच्या आत अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येते. १९७४ साली ते सुरू झाले, तेव्हा खेड्यापाड्यांच्या मुलखात असे महाविद्यालय निघणे हीच नवलाई होती. तालुक्यातल्या धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे आणि त्याचे पाणी लातूरला जाते. दहावीचा निकाल लागला की त्या पाण्यामागोमाग तालुक्यातली हुशार मुलेही ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला जातात. त्यांतली काही दोन-तीन वर्षांनी पांढरा एप्रन घालून अंबाजोगाईला, लातूरला किंवा पुण्या-मुंबईला पोचतात. ही प्रस्तावना त्या मुलामुलींच्या शरीराच्या हालचालीविषयी आणि मनाच्या स्वास्थ्याविषयी आहे. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे शोधू पाहणाऱ्या अभ्यासाचीही ती ओळख आहे.

या अभ्यासाकडे माणसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) विद्यार्थी-संशोधन योजनेसाठी दोन महिन्यांत पुरा होईल असा विषय हवा असतो. ही योजना १९७९ पासून चालू आहे. पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, रेसिडेंटला थिसिस लिहायचा असतो. महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाला मैदान रिकामे का राहते ते कळत नसते. एखाद्या आईला आपला मुलगा सुटीत घरी आला की दिवसभर झोपूनच का राहतो, हे समजून घ्यायचे असते. सगळ्यांचे स्वागत आहे. मात्र विषय सोपा आहे अशा समजुतीने येणाऱ्यांना थोडे सावध करावेसे वाटते. प्रश्नावली वाटायची, भरून घ्यायची, आकडे संगणकात टाकायचे आणि ‘व्यायाम करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ताण कमी आढळला’ असे वाक्य लिहून मोकळे व्हायचे, हा रस्ता फार मळलेला आहे. ते वाक्य बहुतेक वेळा खरेही असते. पण त्यातून कोणाला नवे काही कळत नाही, आणि कोणाच्या वेळापत्रकात पाच मिनिटांचाही फरक पडत नाही.

केजसारख्या ठिकाणी बसून पाहिले की हा विषय जरा वेगळा दिसतो. दसरा-दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात उतरायचे, ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. अशा घरातून, किंवा अशा घरांच्या शेजारातून, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराला लहानपणापासून एकच सांगितलेले असते: बाबा, तू नुसता बसून अभ्यास कर, बाकीचे आम्ही बघतो. त्या घरात बसायला मिळणे ही दोन पिढ्यांची कमाई असते. त्या पोराला होस्टेलवर कोणी ऐकवले की तुझी बैठी जीवनशैली धोक्याची आहे, तर त्याला हसू येईल, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. आरोग्यशिक्षणाची पत्रके ही गोष्ट लक्षातच घेत नाहीत. ज्याच्या घरी घाम हा नाइलाज आहे, त्याला घामाचे फायदे सांगायचे कसे? आणि ऊस तोडून येणारा घाम व बॅडमिंटन खेळून येणारा घाम मनावर सारखाच परिणाम करतात का? या अभ्यासातला सर्वांत मोलाचा प्रश्न माझ्या मते हाच आहे. शरीर किती हलले यापेक्षा ते कोणाच्या मर्जीने हलले, हे आधी विचारले पाहिजे.

आधी विद्यार्थ्याचा दिवस पाहू. लातूरच्या दोन वर्षांत खेळ सुटतो. तो कोणी हुकूम काढून बंद केलेला नसतो. क्लास, टेस्ट सिरीज, मेस आणि खोली यांच्या मध्ये त्याला जागाच उरत नाही. गावी कबड्डी खेळणारा, विहिरीत पोहणारा मुलगा अकरावीत हे सगळे ‘नंतर’साठी ठेवतो. एमबीबीएसला आल्यावर ते ‘नंतर’ यायला हवे, पण समोर अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री येतात. डिसेक्शन हॉलमध्ये तासन्‌तास उभे राहायचे, व्हायवाची धास्ती घ्यायची, जर्नल पुरे करायचे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप हा सगळा काळ परीक्षांनी असा शिवलेला असतो की एक संपताच दुसरी सुरू होते. इंटर्नशिपमध्ये थोडी उसंत मिळेल म्हणावे, तर तेव्हा पीजीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी चालू असते. म्हणजे सोळाव्या वर्षी सुटलेला खेळ तिशीच्या आसपास पुन्हा हाती लागला तर लागतो.

या सगळ्यात एक गंमत आहे. व्यायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे ज्या वयात वैद्यकीय विद्यार्थ्याला सर्वांत नेमकेपणाने शिकवतात, त्याच वयात त्याचा व्यायाम थांबलेला असतो. फिजिऑलॉजीच्या प्रात्यक्षिकात हार्वर्ड स्टेप टेस्ट असते. १९४३ साली हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेत ल्यूसियन ब्रूहा यांनी ती बसवली. वीस इंच उंच बाकावर मिनिटाला तीस वेळा चढायचे-उतरायचे, पाच मिनिटे किंवा दम संपेपर्यंत; मग बसून नाडी मोजायची आणि ती किती लवकर ताळ्यावर येते त्यावरून तंदुरुस्ती ठरवायची. आपल्याकडे बाकाची उंची थोडी कमी करून घेतात. दुसऱ्या प्रात्यक्षिकात मोसोचा एर्गोग्राफ असतो. एका बोटाने वजन ओढत राहायचे आणि फिरत्या ड्रमवर थकव्याचा आलेख उमटताना पाहायचा. तुरिनचे आन्जेलो मोसो यांनी हे यंत्र बनवले ते थकव्याच्या अभ्यासासाठी, आणि त्या थकव्यात त्यांनी मनाचा थकवाही धरला होता. शिकवणारा मन लावून सांगतो की दमलेला स्नायू पुष्कळदा स्वतः दमलेला नसतो, दमते त्याच्या वरची व्यवस्था. बॅचमधला कोणीतरी एक ‘सब्जेक्ट’ होतो, बाकीचे नाडी मोजतात, जर्नलवर सही होते आणि सगळे रीडिंग रूमला परततात. त्या दिवसापुरता एकाचाच व्यायाम झालेला असतो.

आता मनाकडे येऊ. २०१६ साली ‘जामा’ या नियतकालिकात लिसा रोटेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ४३ देशांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण २७.२ टक्के निघाले आणि आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे ११.१ टक्के. याहून अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे. चाचणीत नैराश्य दिसलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले होते फक्त १५.७ टक्के. ज्यांच्या हाताशी मानसोपचार विभाग होता, ज्यांना आजाराचे नाव, लक्षणे आणि औषध तोंडपाठ होते, तेच गेले नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक पदवी-विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, आणि त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. अशा पाहणीत त्रास असलेलेच जास्त संख्येने उत्तरे देण्याची शक्यता असते, म्हणून हा आकडा सगळ्या विद्यार्थ्यांना जसाच्या तसा लावू नये. पण निम्मा धरला तरी तो लहान नाही. रेसिडेंटचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावे, अशी शिफारस याच अहवालात आहे. ती वाचताना, आजवर ते किती असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

हालचाल आणि आरोग्य यांच्या अभ्यासाचा आधुनिक इतिहास सांगायचा तर लंडनच्या दुमजली बसपासून सुरुवात करावी लागते. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले की दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो. हा शोध गाजला. पण मॉरिस आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले नाहीत, म्हणून ते मोठे. त्यांनी बसकंपनीच्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी काढल्या आणि १९५६ मध्ये लिहिले की ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा होता, आणि तो फरक तरुण वयातच दिसत होता. म्हणजे बसून काम केल्याने माणसे आजारी पडली, की आधीच स्थूल असलेली माणसे बसण्याच्या कामाकडे गेली? आपल्याच निष्कर्षावर असा उलटा प्रश्न टाकायला धाडस लागते.

हाच प्रश्न आपल्या विषयात दसपट महत्त्वाचा आहे. जो विद्यार्थी रोज संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतो त्याचे मन प्रसन्न आहे, हे खरे. पण मन खचलेला विद्यार्थी मैदानापर्यंत पोचतच नाही, हेही तितकेच खरे. नैराश्य सर्वांत आधी हातापायांतली उमेद काढून घेते. एका दिवशी एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे कधीही कळणार नाही. म्हणून वर्षानुवर्षे माणसांच्या मागे राहणारे अभ्यास आणि प्रयोग लागतात, आणि ते झालेले आहेत. नॉर्वेत सुमारे ३४ हजार माणसांना अकरा वर्षे पाहिले. सगळ्यांनी आठवड्यातून किमान एक तास जरी व्यायाम केला असता, तर पुढे उद्भवलेल्या नैराश्यापैकी १२ टक्के टळले असते, असा हिशेब निघाला. व्यायाम किती जोरकस होता याने फारसा फरक पडला नाही. चिंताविकाराच्या बाबतीत मात्र असा संबंध दिसला नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत बोलताना हे विसरू नये, कारण त्यांच्यात चिंता पुष्कळदा नैराश्याच्या आधी येते. २०२२ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात शिफारशीच्या निम्म्या व्यायामानेही नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी आढळला. ती शिफारस जागतिक आरोग्य संघटनेची: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल. २०२० मध्ये ती सुधारताना सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली गेली. लायब्ररीतून उठून पाच मिनिटे फिरून येणाऱ्याला हा चांगलाच दिलासा आहे.

प्रयोगांत सर्वांत जास्त सांगितला जातो तो ड्यूक विद्यापीठातला जेम्स ब्लूमेंथल यांचा. १९९९ साली त्यांनी नैराश्याच्या १५६ रुग्णांचे तीन गट केले: एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण आधी आला, एवढेच. नंतर काही महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या व्यायामाने सुधारलेल्यांमध्ये आजार परत उलटण्याचे प्रमाण कमी होते. हा दाखला देणाऱ्या भाषणांत दोन गोष्टी बहुधा गाळल्या जातात. एक म्हणजे ते रुग्ण पन्नाशीच्या पुढचे होते. दुसरी अशी की तो व्यायाम गटात, देखरेखीखाली होत होता. आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी चार माणसे भेटत होती. गुण पायांनी आला की सोबतीने, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. माझा कल सोबतीकडेही थोडा आहे. आणि एवढ्या आधारावर कोणी विद्यार्थ्याला ‘गोळ्या सोड, पळायला जा’ असा सल्ला देत असेल, तर त्याने हा अभ्यास वाचलेलाच नाही.

शरीराच्या आत काय घडते हे तपशिलाने सांगणारी पुस्तके भरपूर आहेत. मेंदूतले वाढीचे घटक, आतून तयार होणारी वेदनाशामके, दाह कमी होणे, झोप सुधारणे वगैरे. एन्डॉर्फिनची गोष्ट जितकी लोकप्रिय आहे तितकी पक्की नाही. झोपेचा दुवा मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि रात्रपाळीच्या विद्यार्थ्यासाठी तोच जवळचा आहे.

आपल्या मुलखात या विचाराची मुळे नाहीत असे समजू नये. आयुर्वेदात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा असे सांगितले आहे. कपाळावर, नाकावर घाम आला, तोंड कोरडे पडू लागले की थांबायचे. थकून कोसळेपर्यंत करायचा तो व्यायाम नव्हे, ही समज त्यात आहे. बडोद्याच्या द. चि. मुजुमदारांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. बडोद्याच्याच माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली करताना पोटाच्या पोकळीतला दाब किती बदलतो, हे ते उपकरणे लावून आणि क्ष-किरण चित्रे घेऊन मोजत. श्रद्धेच्या प्रांतातली गोष्ट त्यांनी मोजपट्टीवर आणून ठेवली. आज वैद्यकीय महाविद्यालयात २१ जूनला सकाळी योगदिन होतो, छायाचित्रे निघतात आणि २२ तारखेला सगळे जिथल्या तिथे असते. कुवलयानंदांनी त्या दिवशी चटया अंथरण्याऐवजी बहुधा आलेख काढले असते.

मोजण्याकडे आलोच आहोत, तर इथे जरा थांबू. कारण या विषयातली खरी मेख मोजमापातच आहे. हालचाल मोजायला सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘आयपॅक’ ही आंतरराष्ट्रीय प्रश्नावली. तिचे लहान रूप गेल्या सात दिवसांत जोरकस हालचाल, मध्यम हालचाल, चालणे आणि बसणे किती झाले एवढेच विचारते. चालण्याला ३.३, मध्यम हालचालीला ४ आणि जोरकस हालचालीला ८ हा गुणक लावायचा, मिनिटांनी आणि दिवसांनी गुणायचे. आता दोन उदाहरणे करून पाहा. एक विद्यार्थिनी आठवड्यातून पाच संध्याकाळी अर्धा तास बॅडमिंटन खेळते. ते मध्यम धरले तर ४ गुणिले ३० गुणिले ५, म्हणजे ६००. दुसरा इंटर्न. तो सहा दिवस वॉर्डातून लॅबकडे सॅम्पल घेऊन, लॅबमधून कॅज्युअल्टीत, तिथून एक्स-रेला पेशंटची ट्रॉली ढकलत रोज दीड तास चालतो. ३.३ गुणिले ९० गुणिले ६, म्हणजे १७८२. कागदावर इंटर्न तिच्या तिप्पट सक्रिय ठरला. प्रश्नावलीने सलग दहा मिनिटांचेच चालणे धरा असे म्हटले आहे आणि वॉर्डातले चालणे तुकड्यातुकड्यांचे असते, पण उत्तर देणारा असा हिशेब करत बसत नाही. मग त्याच्या १७८२ शेजारी त्याचा ताणाचा आकडा मांडला की ‘सक्रिय विद्यार्थ्यांतही ताण जास्त’ असा गोंधळ तयार होतो, आणि शोधनिबंधाचा लेखक चर्चेच्या परिच्छेदात ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ असे लिहून सुटका करून घेतो.

याच प्रश्नावलीच्या हिशेबाच्या नियमांत आणखी एक बारकावा आहे. एका प्रकारची हालचाल दिवसाला तीन तासांहून जास्त सांगितली गेली, तर ती १८० मिनिटेच धरायची, कारण त्यापुढचे आकडे अवाजवी फुगतात. म्हणजे फडात दिवस काढणाऱ्या कोयत्याचे निम्म्याहून अधिक काम या हिशेबातून सरळ कापले जाते. नियम करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना सरासरी बिघडू द्यायची नव्हती. पण केजमधल्या वाचकाला हा नियम वाचताना थांबावेसे वाटणारच.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. ‘आयपॅक’चे लांब रूप किंवा जागतिक आरोग्य संघटनेची ‘जीपॅक’ घ्यावी. त्या कामातली, येण्याजाण्यातली आणि फावल्या वेळातली हालचाल वेगवेगळी विचारतात. हे वेगळे करणे किती मोलाचे आहे ते २०१७ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. फावल्या वेळातल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी जुळला, कामातल्या हालचालीचा जुळला तो उलट मानसिक त्रासाशी. पावले तीच, स्नायू तेच, खर्च होणारी ऊर्जाही तीच. फरक आहे तो ती पावले कोणी मागितली यात. मनगटावरच्या पट्ट्याला हे कळत नाही. अर्थात पट्टा निरुपयोगी नाही. २०१९ मध्ये जनुकीय माहितीच्या आधारे केलेल्या एका अभ्यासात यंत्राने मोजलेल्या हालचालीचा नैराश्यापासून संरक्षणाशी संबंध दिसला, तोंडी सांगितलेल्या हालचालीचा दिसला नाही. यंत्र किती ते सांगते, माणूस कशासाठी ते सांगतो. दोन्ही हवेत, आणि त्यासोबत ड्यूटीचे वेळापत्रक हवे, म्हणजे त्या पावलांतली कोणती कामाची आणि कोणती स्वतःची, हे वेगळे काढता येईल.

मनाच्या बाजूलाही अशीच गफलत होते. ‘डास-२१’ ही प्रश्नावली गेल्या आठवड्यातले नैराश्य, चिंता आणि ताण मोजते. ती निदान करत नाही. तरीही कित्येक निबंधांत ‘इतक्या टक्के विद्यार्थ्यांना नैराश्य आहे’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. ‘डब्ल्यूएचओ-५’ ही पाच वाक्यांची प्रश्नावली वेगळ्या वाटेने जाते. गेल्या दोन आठवड्यांत प्रसन्न, शांत, ताजेतवाने वाटले का, रोजच्या दिवसात मन रमले का, असे ती विचारते. पहिली त्रास मोजते, दुसरी स्वास्थ्य. आजार नाही म्हणजे स्वास्थ्य आहे असे नव्हे, हे आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या व्याख्येतच आहे. वैद्यकीय महाविद्यालयात असे पुष्कळ विद्यार्थी भेटतात ज्यांना कोणताही आजार नाही, जे पास होतात, ड्यूटी करतात, आणि ज्यांना महिनोन्‌महिने कशातच गोडी वाटलेली नसते. ते पहिल्या प्रश्नावलीच्या चाळणीतून निसटतात.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलायला हवे. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची हालचाल पुरेशी नव्हती. या फरकाचे कारण आळसात शोधू नये. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. मैदानावर जाण्याजोगी वेळ म्हणजे पहाट आणि दिवेलागण. दिवेलागणीला मुलींच्या होस्टेलचे फाटक बंद व्हायच्या बेतात असते, पहाटे रस्त्यावर कुत्री असतात आणि मैदानावर मुलांचे क्रिकेट असते. जिममधल्या ज्या वेळा मुलींसाठी राखीव असतात, त्या नेमक्या क्लिनिकल पोस्टिंगच्या निघतात. अशा परिस्थितीत प्रश्नावलीतल्या ‘व्यायाम न करण्याचे कारण’ या रकान्यात ती ‘वेळ नाही’ यावर खूण करते, आणि अहवालात तिच्या वेळेच्या नियोजनावर एक परिच्छेद येतो. फाटकावर एकही परिच्छेद येत नाही. या विषयात येणाऱ्यांनी फाटक, दिवे, मैदानाची किल्ली कोणाकडे असते आणि मेसची वेळ काय, याही नोंदी कराव्यात. त्या आकड्यांइतक्याच शास्त्रीय आहेत.

धोरणात हा विषय अगदीच गैरहजर नाही. २०१९ मध्ये क्षमताधारित अभ्यासक्रम आला, तेव्हा सुरुवातीच्या महिन्याच्या पायाभूत वर्गाच्या १७५ तासांपैकी २२ तास खेळ आणि इतर उपक्रमांना दिले गेले. पहिल्या महिन्यात खेळ आणि मग पुढची चार वर्षे? त्या २२ तासांत ओळखी झालेले किती विद्यार्थी दुसऱ्या वर्षी एकत्र खेळत होते, हा साधा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयात विचारता येतो. त्याला निधी लागत नाही. एकाच बॅचला पहिल्या महिन्यात, प्रिलिमच्या आधी, निकालानंतर आणि पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये तेच प्रश्न विचारले, तर एका दिवसाच्या शंभर सर्वेक्षणांहून अधिक कळेल.

शेवटी एक काळजीची बाब. संशोधन सुरू करण्यापूर्वी ती मिटलेली असावी. इथे प्रश्न विचारणारा बहुतेकदा शिक्षक असतो आणि उत्तर देणारा त्याचाच विद्यार्थी. उद्या इंटर्नल मार्क देणाऱ्याला आज ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे कोण लिहून देईल? म्हणून प्रश्नावली दुसऱ्या विभागाने वाटावी, नाव नसावे, भाग न घेण्याची मुभा खरी असावी. पण नाव नसले तर दुसरी अडचण उभी राहते. नैराश्य चाचपणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तिथे खूण केलेला कागद हातात आला आणि तो कोणाचा हेच माहीत नसले, तर काय करणार? बंद पाकिटावर सांकेतिक क्रमांक आणि तो उघडण्याचा अधिकार महाविद्यालयाबाहेरच्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे, तोही फक्त अशा प्रसंगी आणि विद्यार्थ्याला आधी सांगून ठेवून. ही एक व्यवस्था होऊ शकते. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापावा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तो चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. नैतिकता समितीपुढे अर्ज नेण्याआधी ही तजवीज लिहून काढा, आणि नवव्या प्रश्नावर खूण आली तर त्याच दिवशी कोण, कोणाला, किती वाजेपर्यंत फोन करणार, त्यांची नावेही त्यात घाला.

केज